कांचनचा स्वच्छ फोटो

कांचनचा फोटो स्वच्छ आला तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने सगळ्या आळीत पेढे वाटले. त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत कांचन गेली. कांचन माझी बायको. आतडं फुटून, पोटभर पू होऊन गेली. शेवटपर्यंत तिच्या आरोग्य कार्डावर 'आजाराचे चिन्ह नाही' असंच होतं.

आमच्या नागझऱ्यात बायकांच्या तपासणीची ती सरकारी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा भैरोबाच्या देवळापुढे लावली. एवढी लांब गाडी वळवायला गावात दुसरी जागा नाही, बायकांना बसायला देवळाचा मंडप आहे आणि थ्री फेजची लाइन तिथून जवळ पडते. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून गाडीला करंट जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे गाडीतल्या डॉक्टर सायली केंजळे यांची ओळख झाली. वयाने लहान, बोलायला फटकळ, पण विचारलं की सांगायच्या.

त्यांनी मला सांगितलं ते असं. बाईच्या गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि पाळीत गळून जातं. काही बायकांमध्ये त्या अस्तरासारखीच वाढ भलतीकडे होते, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर. तीही दर महिन्याला सुजते, तिच्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आतल्या आत जखमा होतात, अवयव एकमेकांना चिकटत जातात. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. दहातल्या एका बाईला तरी असतो. साध्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाही. पूर्वी खात्री करायची तर पोटाला भोक पाडून दुर्बीण घालावी लागायची. तोपर्यंत कितीतरी वर्षं बाईला सगळे सांगत राहायचे, पाळीत दुखतंच, सहन कर.

नव्या गाडीत याची गरज नव्हती. हातात एक इंजेक्शन द्यायचं. त्यातलं औषध अंगभर फिरतं आणि जिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटत असतात तिथे जाऊन चिकटतं. आजाराच्या जागी अशा रक्तवाहिन्या फुटतच असतात. औषधातून किरण निघतात, कॅमेरा ते टिपतो, आणि पडद्यावर आजाराची जागा दिव्यासारखी पेटलेली दिसते.

म्हणून बायकांनी त्याला दिवा म्हणायला सुरुवात केली. दिवा लागला म्हणजे आजार आहे. अंधार म्हणजे काही नाही.

गाडी दुसऱ्या खेपेला आली तेव्हा मंडपात जत्रेसारखी गर्दी होती.

"फोटो काढायचाय म्हणून पावडर थापून आलीय बघा ही," एक म्हणाली.

"पोटाचा फोटो हाय गं, तोंडाचा न्हाई."

"आत गेल्यावर उखाणा घ्यायला लावत्यात का?"

"नवरा बाहेर उभा असंल तर घ्यायचा. नसंल तर कशाला उगाच?"

कांचन त्यांच्यात बसून हसत होती. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं, कारण पाळीच्या दिवसांत मी तिला फरशीवर पालथी पडलेली बघायचो. गार फरशीला पोट लावलं की जरा कमी होतं म्हणायची. ईश्वरीच्या, आमच्या मुलीच्या, जन्मानंतर ते वाढत गेलं होतं. संडासला जातानाही दुखायचं. कराडचे, साताऱ्याचे डॉक्टर झाले. गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, मनाचं औषधही झालं. मला वाटलं आता एकदाचं सापडेल.

सापडलं नाही. अंधार आला.

घरी आल्यावर ती चहा करत होती. मी म्हटलं, "चला, काही नाही हे तरी कळलं."

ती म्हणाली, "अहो, दिसलं नाही हे कळलं."

तेवढ्यात माझी बहीण, अक्का, पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि बोलणं राहिलं.

त्यानंतर त्या फोटोचा खरा अर्थ कळायला लागला. कांचन दूध डेअरीत पॅकिंगला होती. नवीन नियम आला की दिवा लागलेल्या बाईला दर महिन्याला दोन दिवस पगारी सुट्टी. चांगला नियम होता. पण अंधार असलेल्या बाईने पोट धरलं की सुपरवायझर कार्ड मागायचा आणि मशीनपुढे धरायचा. "वहिनी, तुमचं पोट तर एकदम ओके दाखवतंय." आधी दुखतंय म्हटलं की निदान कुणी कुणी हळहळायचं. आता पुरावा होता. दुखत नाही याचा पुरावा.

ज्या दिवशी तिला उलट्या थांबेनात त्या दिवशी मी तिला भाड्याच्या जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचं पोट फुगून टणक झालं होतं. तातडीच्या विभागात कार्ड टेकवल्याशिवाय नंबर लागत नाही. कार्ड टेकवलं. पडद्यावर आलं : पोटदुखी, स्त्रीरोग कारण वगळले, अग्रक्रम कमी. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता, वाईट नव्हता. "काकू, गॅस धरलाय. हे औषध घ्या, उद्या या." मी म्हटलं, साहेब, हात तरी लावून बघा. त्याने लावला, पण त्याचे डोळे पडद्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा उशीर झाला होता. सर्जन म्हणाले, आतडं गर्भाशयाच्या मागे चिकटून पिळलं होतं. जुना आजार, किती तरी वर्षांचा. मी विचारलं, मग फोटोत कसा नाही आला? ते हात धुवत होते. म्हणाले, "फोटोचं मी कसं सांगू?"

*

ईश्वरी एकवीसची झाली. कराडला कॉलेजात जाते, रोज जाऊन येऊन. आई गेल्यावर स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करायचो. एका सकाळी ती पोळ्या लाटता लाटता थांबली, ओट्याची कड धरली आणि डोळे मिटून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही अप्पा, पाय मुरगळला. मी तव्यावरची पोळी उलटली. दोन्ही पायांवर नीट उभी होती ती.

पुढच्या महिन्यात मी तिला फरशीवर पालथी पडलेली पाहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आई होती तेव्हापासून. तिला सांगितलं नाही. तिचंच इतकं होतं."

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

"अप्पा, गाडी परत येणारे ना या महिन्यात? दिवा लागू दे माझा. लागला की औषध मिळेल, ऑपरेशन मिळेल. आणि नाही लागला तर..." पुढचं सांगायची गरज नव्हती. नवा नियम मला माहीत होता. घरात आई आणि मुलगी दोघींचा अंधार आला की त्या घराची पुढची तपासणी बंद. खर्च वाचवायला. मग कितीही दुखलं तरी ते पोट सरकारी पडद्यावर निरोगीच.

अक्काला हे कळलं तशी ती रोज यायला लागली. माझ्यापेक्षा मोठी, आईच्या जागी. कांचन गेल्यावर घर तिनेच सावरलं. विट्याचं एक स्थळ तिने ईश्वरीसाठी पाहून ठेवलं होतं. मुलगा इंजिनिअर, एकुलता एक.

"गाडी यायच्या येळंला हिची तारीख येती का रं हणमा?" तिने विचारलं.

"मला काय माहीत अक्का?"

"मी बघते. तू नगं ध्यान देऊ." आणि तिने ईश्वरीच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवली. देवाची गोळी. आमच्याकडे तिला असंच म्हणतात. गौरी बसायच्या असल्या, घरात लग्न असलं, सत्यनारायण असला की बायका ही गोळी घेऊन पाळी पुढे ढकलतात. मेडिकलवाला नाव न विचारता देतो. गाडी देवळाच्या आवारात उभी राहते, पाळी असताना मंडपात बसता येत नाही, म्हणून गाडीसाठीही गोळी. यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

*

गाडी आली त्या सकाळी मी केबल जोडत होतो. केंजळे मॅडम पायरीवर बसून पोहे खात होत्या.

"सुतार, वहिनी कशा आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी बशी बाजूला ठेवली.

"आतड्यावर होता? खात्रीने?"

"सर्जननी पोट उघडून पाहिलं. जुना म्हणाले."

त्यांनी आत जाऊन कांचनचा फोटो काढला. बराच वेळ पाहिला. "जुना डाग असेल तर तो वाळलेला असतो. वाळलेल्या जागी नवीन रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून औषध कमी चिकटतं, हे मान्य. पण इतका अंधार? वय चाळीसच्या पुढे, पाळी चालू, आतड्यावर आजार. काहीतरी पेटायला हवं होतं." मग अचानक वळून म्हणाल्या, "हार्मोनचं औषध चालू होतं का त्यांना?"

"नाही मॅडम. शेवटी शेवटी काहीच चालू नव्हतं."

"मी प्रत्येकीला विचारते, कुठलं औषध चालू आहे का. वहिनीही नाही म्हणाल्या होत्या. इथे सगळ्याच नाही म्हणतात. इतक्या निरोगी बायका मी कुठल्या तालुक्यात पाहिल्या नाहीत."

"देवाची गोळी तेवढी घेतली असेल. ती काय औषधात धरत नाहीत."

"कसली गोळी?"

मी सांगितलं. त्यांनी नाव विचारलं, मी ईश्वरीच्या पट्टीवरचं आठवून सांगितलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

"सुतार, ही गोळी आम्ही याच आजारावर देतो. उपचार म्हणून. ती घेतली की आजार झोपतो. बरा होत नाही, झोपतो. नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबतात. मग माझं इंजेक्शन चिकटणार कशाला?" त्यांनी मंडपाकडे पाहिलं. बायका रांगेने बसल्या होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या पोरांना खेळवत होत्या. "किती दिवस आधीपासून घेतात?"

"गाडीची तारीख जाहीर झाली की सुरू करतात. काही महिनाभर."

त्या उठल्या आणि मंडपात गेल्या. पहिल्या बाईला विचारलं. मग दुसरीला. मी लांबून पाहत होतो. प्रत्येक मान होकारार्थी हलत होती. काही बायकांनी तर कौतुक वाटेल म्हणून पट्टी काढूनच दाखवली.

ईश्वरी रांगेत होती. मी तिला उठवलं. अक्का आडवी आली.

"कुठं निघालास पोरीला घिऊन? नंबर आलाय तिचा."

"अक्का, गोळीने फोटो खोटा येतो. मॅडम म्हणाल्या. कांचनचाही खोटाच होता."

बाकीच्या बायकांनी माना वळवल्या. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग मला हाताला धरून नगारखान्याच्या बाजूला नेलं. ईश्वरी मागून आली.

"हळू बोल. आम्हाला ठावं न्हाई आसं वाटलं का तुला?"

"काय ठाऊक?"

"पहिल्या खेपेला वरच्या आळीच्या सुमनचा दिवा लागला. गोळी इसरली होती ती. मागनं दुसऱ्या बाईनं गोळी घिऊन फोटू काढला, तिचा अंधार. दोघींचं दुखणं एकच. बायकांना कळत न्हाई व्हय रं? सुमनच्या पोरीचं लगीन ठरलं होतं. पोराकडच्यांनी आईचं कार्ड बघितलं अन् परत गेले. म्हणले, आईला हाय म्हंजी पोरीला असणार, पोरं व्हायाची न्हाईत. देऊळ हे निमित्त हाय हणमा. देवाला कोण इतकं भितंय?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं. ईश्वरीने विचारलं.

"आत्या, आईला माहीत होतं?"

अक्काने पदराने तोंड पुसलं.

"मीच सांगितलं तिला. म्हणलं, तुझा दिवा लागला तर पोरीचं काय? तिनं हातातली पट्टी बघितली. म्हणली, द्या अक्का. येवढं तरी करीन तिच्यासाठी. दुखतंय ते दुखतंयच, दिवा लागून थोडंच थांबणार हाय." अक्का रडायला लागली. "मला काय ठावं, मरंल म्हणून? ह्यानं कुणी मरतं का रं?"

ईश्वरी रडली नाही. तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, आत्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मला नको. विट्याच्या लोकांना सांगा, मुलगी आजारी आहे."

*

गोळीचा परिणाम उतरायला वेळ लागतो. मॅडमनी तिला दोन पाळ्या जाऊ द्यायला सांगितलं. त्या दोन पाळ्या तिने कशा काढल्या ते मला माहीत आहे. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "अप्पा, आता तरी लागेल ना?" जणू दिवाळी आहे.

गाडी तेव्हा नदीपलीकडच्या गावात होती. मॅडमनी आम्हाला दुपारी बोलावलं, रांग संपल्यावर. मला आत बसू दिलं. ईश्वरीला इंजेक्शन दिलं, थांबायला लावलं, मग त्या गोल यंत्रात घेतलं. मी मॅडमच्या मागे उभा होतो.

पडद्यावर तिचं पोट आलं. राखाडी, धुरकट. आणि त्यात दिवे. गर्भाशयाच्या मागे एक मोठा, डावीकडे एक, आतड्याच्या कडेने बारीक रांग.

"लागला," मॅडम म्हणाल्या. "बघितलंत? लागला!"

मी पडद्यापुढे हात जोडले. आपल्या पोरीचा आजार दिसला म्हणून.

मग पडदा बदलला. फोटो एकदा थरथरला आणि दिवे एकेक करून मंद होत गेले. आतड्याकडची रांग आधी गेली. मोठा सगळ्यात शेवटी गेला. खाली ओळ आली : चिन्ह आढळले नाही.

"हे काय झालं?"

मॅडमनी परत सुरुवातीपासून चालवलं. परत दिवे लागले, परत विझले.

"मॅडम, बिघाड आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र बरोबर चाललंय. तेच तर."

मग त्यांनी समजावलं. इंजेक्शनचं औषध मूत्रपिंडातही जातं, आतड्यातही थोडं राहतं. तेही पडद्यावर चमकतं. कुठली चमक साधी आणि कुठली आजाराची, हे माणसाने प्रत्येक फोटोत ठरवायचं म्हटलं तर गाड्या चालणार नाहीत. म्हणून एक प्रोग्राम आहे. तो साधी चमक पुसून टाकतो. साधी म्हणजे कशी, हे तो निरोगी बायकांच्या फोटोंवरून शिकतो. जितके फोटो जास्त, तितका तो हुशार.

"आणि त्याला सगळ्यात जास्त निरोगी बायका तुमच्या भागात मिळाल्या," त्या म्हणाल्या. "आजार झोपलेला असला तरी अगदी पुसट डाग राहतात, सुतार. गर्भाशयाच्या मागे, आतड्याच्या कडेला, नेमके तिथेच. हजारो फोटोंत. सगळ्यांवर निरोगी असा शिक्का. त्यातून तो शिकला की या बायकांच्या पोटात तिथे चमक असतेच. आता खरा दिवा लागला तरी तो म्हणतो, ही नेहमीचीच, जरा जास्त आहे इतकंच. आणि पुसतो."

"म्हणजे कांचनचा फोटो..."

"त्यातच आहे. वहिनींचाही आहे."

ईश्वरी यंत्रातून बाहेर येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मॅडम, पण तुम्हाला दिसलं ना? तुम्ही लिहा."

मॅडमनी लिहिलं. मी पाहत होतो. 'माझ्या मते रुग्णाला आजार आहे.' पाठवलं. उत्तर लगेच आलं. 'हरकत नोंदवली. सदर प्रतिमा विभागातील निरोगी स्त्रियांशी जुळते. निष्कर्ष कायम.' त्याखाली आणखी एक ओळ होती : आई व मुलगी, दोन्ही निष्कर्ष समान, कुटुंबाची तपासणी पूर्ण.

*

मिरजेला डॉक्टर नसीम मुजावर आहेत. वयस्कर बाई, दुर्बिणीचं ऑपरेशन जुन्या पद्धतीने करणाऱ्या. केंजळे मॅडमनी त्यांचं नाव दिलं. मुजावर बाईंनी कार्ड पाहिलं आणि परत दिलं.

"अंधार असताना मी पोटात दुर्बीण घातली तर मला नोटीस येते. मागच्या वर्षी दोन आल्या. तिसरी आली तर दवाखाना बंद होईल."

मी उठलो. ईश्वरी उठली नाही.

"डॉक्टर, तुम्ही कार्ड नका बघू. इथे हात लावून बघा," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला आणि तिला टेबलावर झोपवलं. पडदा नाही, काही नाही. नुसता हात. डोळे मिटून, बराच वेळ. एका ठिकाणी दाबल्यावर ईश्वरी ओरडली. बाहेर बसलेल्या बायका दाराकडे बघायला लागल्या.

"उद्या उपाशीपोटी या," मुजावर बाई म्हणाल्या.

ऑपरेशननंतर त्यांनी मला आत बोलावून चित्रफीत दाखवली. तपकिरी, काळे डाग. डावं अंडाशय मागे चिकटलेलं. आतडं नुकतंच ओढलं जायला लागलं होतं. "वेळेत आलात. आणखी काही वर्षांनी हेही पिळलं असतं. आता औषध चालू ठेवायचं, दरवर्षी दाखवायचं." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी पडू दिलं नाही.

दुपारी ईश्वरी शुद्धीवर आली. मी म्हटलं, बाळा, होता आजार, सापडला. ती हसली. मग तिने बाईंना विचारलं, "हे आता यंत्राला कळवाल ना? मग ते सुधारेल?"

"कळवलंय. पण त्याच्याकडे इतक्या हजार बायका निरोगी आहेत आणि तू एकटी आजारी. तुझीच नोंद चुकलीय असं धरेल ते."

"मग किती जणी लागतील?"

"पुष्कळ. गोळी न घेता फोटो काढणाऱ्या, आणि वर दुर्बिणीने खात्री करून घ्यायला तयार असणाऱ्या. तुमच्याच भागातल्या." त्या थांबल्या. "आणि लवकर. तो प्रोग्राम आता सगळ्या राज्यात जायचाय. तुमचा तालुका नमुना म्हणून निवडलाय."

*

खरंच निवडला होता. आम्ही परत आलो तेव्हा गावाच्या कमानीवर फलक लागला होता. आजारमुक्त तालुका. सरपंचांचा सत्कार झाला. केंजळे मॅडमची बदली झाली, कुठे ते कळलं नाही. त्यांचा फोन लागत नाही. गाड्या मराठवाड्यात गेल्या, विदर्भात गेल्या. तिथल्या बायकांना देवाची गोळी माहीत असो वा नसो, त्यांचे फोटो आता आमच्या बायकांच्या फोटोंशी ताडून बघतात आणि जे दिवे लागतात ते पुसून टाकतात.

ईश्वरी चालायला लागली तशी आम्ही घरोघर जायला सुरुवात केली. ती पोटावरचे टाके दाखवते, काय सापडलं ते सांगते. मी कांचनचं सांगतो. लोक ऐकून घेतात, चहा देतात. हणमंताची बायको गेल्यापासून त्याचं असंच झालंय, असं मागे बोलतात. अक्का आमच्याशी बोलत नाही, पण तिची सून एकदा दुकानात येऊन ईश्वरीचा नंबर घेऊन गेली. अजून फोन आलेला नाही.

काल आम्ही खालच्या आळीला जगतापांकडे गेलो. त्यांच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मुलीची आई उंबऱ्यात उभी राहिली, या म्हणाली नाही.

"वहिनी, पाच मिनिटं बोलायचं होतं," मी म्हटलं.

"आमच्यात कुणाला काही न्हाई."

तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. मुलगी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पोटावर गरम पाण्याची पिशवी धरली होती. तिने मान वर करून ईश्वरीकडे पाहिलं, एकटक.

"काकू, मी फक्त तिच्याशी बोलते," ईश्वरी म्हणाली.

"सांगितलं न्हवं? तिचा फोटू स्वच्छ हाय."

दार लागलं. आतून कडी घातली. आम्ही पायरीवर तसेच उभे राहिलो. आतून कण्हण्याचा आवाज आला, एकदा, मग परत.

मग कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.